रेघ ओढा, चित्र काढा, नकाशा वाचा



तुम्हांला आता वाचता येते. सही करता येते. अंगठा उठवायची पाळी आता तुमच्यावर येत नाही. ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण एक कागद असा असतो, की त्यावर अक्षरे थोडी आणि रेघा फार. तो म्हणजे घराचा नकाशा. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठेही जा. जुन्या चाळी आणि झोपड्या पाडून त्या जागी नव्या इमारती उभ्या राहताना दिसतात. अशा वेळी कोणीतरी नकाशाचा कागद पुढे करतो आणि म्हणतो, "हे बघा तुमचं घर. करा इथं सही." त्या रेघा वाचता आल्या नाहीत, तर सही आणि अंगठा यांत फरक तो काय उरला?

म्हणून रेघ वाचायला शिकले पाहिजे. अक्षर गिरवल्यावाचून वाचता येत नाही. रेघेचेही तसेच आहे. ती स्वतः ओढल्यावाचून कळत नाही. तर मग घ्या हातात पेन्सिल. तांब्याच्या चित्रापासून सुरुवात करू आणि घराच्या नकाशापर्यंत जाऊ.

रेघ तुम्हांला येतेच

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, चित्र काढणं आमचं काम नव्हे. त्याला देवाची देणगी लागते."

नाही हो! तुम्ही बाराखडी लिहिता ना? मग चित्राला लागणाऱ्या सगळ्या रेघा तुमच्या हातात आहेत. अक्षराच्या डोक्यावरची शिरोरेघ म्हणजे आडवी रेघ. काना म्हणजे उभी रेघ. मात्रा म्हणजे तिरपी रेघ. वेलांटी आणि उकार म्हणजे वळणाची रेघ. 'ठ' लिहिलात की गोल आलाच. जगातले कोणतेही चित्र घ्या. ते या पाच रेघांचेच बनलेले असते.

आणि रेघ काही पाटीवरच शिकतात असे नाही. दारात रांगोळी घालणारी बाई ठिपक्याला ठिपका जोडते. गवंडी ओळंबा सोडून भिंतीची उभी रेघ तपासतो. शेतकरी नांगराचे तास सरळ काढतो. ही सगळी रेघेचीच कामे.

आपल्या वारली बांधवांचे पाहा. बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यांत आणि आरे भागात त्यांची वस्ती आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ते चित्रे काढतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की झाले माणसाचे अंग. वर एक गोल म्हणजे डोके. चार रेघा म्हणजे हातपाय. एवढ्यात माणूस नाचू लागतो! डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे याच कलेमुळे देशोदेशी नावाजले गेले. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली ते वारले.

शिसपेन्सिलीत शिसे नसते

आपण 'शिसपेन्सिल' म्हणतो. पण तिच्यात शिसे मुळीच नसते, बरं का! सोळाव्या शतकात इंग्लंडातल्या एका डोंगराळ भागात काळे, मऊ खनिज सापडले. लोकांना वाटले, हे शिसेच आहे. तेव्हापासून ते नाव चिकटले, ते आजवर सुटले नाही. खरे म्हणजे ते ग्रॅफाइट. कोळशाचा भाऊबंदच म्हणा.

१७९५ साली फ्रान्समध्ये कोंते नावाच्या गृहस्थाने एक युक्ती काढली. ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळायची, त्याच्या कांड्या करायच्या आणि भट्टीत भाजायच्या. माती जास्त घातली की कांडी कडक होते आणि रेघ फिकट उठते. माती कमी घातली की कांडी मऊ होते आणि रेघ काळी उठते. आजही पेन्सिली याच रीतीने होतात. ही कांडी लाकडाच्या दोन पट्ट्यांत बसवतात. आपल्या देशात त्यासाठी काश्मीरकडचे लाकूड पुष्कळ वापरतात.

पेन्सिलीच्या बुडाशी इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. ती ओळखायला इंग्रजी यावे लागत नाही. दोन उभ्या रेघा आणि मधे शिडीच्या पायरीसारखी एक आडवी, हे झाले 'एच'. एक उभी रेघ आणि तिला चिकटलेली दोन पोटे, हे झाले 'बी'. एच म्हणजे कडक. बी म्हणजे काळी आणि मऊ. दोन्ही अक्षरे असली, तर ती मधली, रोजच्या लिहिण्याची. बीच्या आधी २ आकडा असला, तर ती आणखी काळी. शिकणाऱ्याला एक एचबी आणि एक २बी एवढ्या दोन पेन्सिली पुरतात.

पकड आणि सराव

पेन्सिलीला टोक करताना पाते आपल्या अंगाकडे ओढू नका. पुढे ढकला. लिहिताना आपण पेन्सिल टोकाजवळ धरतो. चित्र काढताना ती जरा मागे धरा. मूठ आवळू नका. पेन्सिल म्हणजे पहार नव्हे. हात सैल असला की रेघही मोकळी येते.

आता कागदावर दोन ठिपके द्या. त्यांत वीतभर अंतर ठेवा. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढायची आहे. पट्टी घ्यायची नाही. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. नजर पेन्सिलीच्या टोकावर ठेवू नका. जिथे पोचायचे, त्या ठिपक्यावर ठेवा. बांधावरून चालणारा माणूस पायाकडे पाहत नाही, पुढे पाहतो. तसेच हे. छोटी रेघ मनगटाने ओढावी. लांब रेघ मात्र कोपरापासून सगळा हात हलवून ओढावी. नुसत्या मनगटाने ओढली, तर ती धनुष्यासारखी वाकते.

आधी दहा आडव्या रेघा ओढा. मग दहा उभ्या, दहा तिरप्या, दहा गोल. रोज एवढेच करा. पहिल्या दिवशी रेघ थरथरेल. थरथरू द्या. आठ-पंधरा दिवसांत हात बसतो.

तांब्या काढू या

घरातला तांब्या समोर ठेवा. तो तुमच्या नजरेपेक्षा थोडा खाली असावा.

पहिले काम म्हणजे माप. हात ताठ पुढे करा, कोपर वाकवू नका. पेन्सिल उभी धरा. एक डोळा मिटा. पेन्सिलीचे टोक तांब्याच्या काठाशी जुळवा आणि बुडाशी अंगठा आणा. ही झाली उंची. तोच अंगठा तसाच ठेवून पेन्सिल आडवी करा आणि पोटाच्या रुंदीशी ताडून पाहा. रुंदी उंचीएवढी आहे, की कमी? चित्रात तेच प्रमाण ठेवायचे.

आता कागदावर एक उभी, अगदी फिकट रेघ ओढा. ही मधली रेघ. काठ, गळा, पोट आणि बूड यांच्या खुणा तिच्यावर करा. डावीकडे पोट जेवढे बाहेर, तेवढेच उजवीकडे. मग दोन्ही बाजूंच्या वळणरेघा हलक्या हाताने काढा.

सगळ्यांचा हात अडतो तो तोंडाशी. तांब्याचे तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण पुरा गोल काढून बसतो. पण समोरून ते गोल दिसते का? एक ताट घ्या. उभे राहून वरून पाहा, गोल दिसेल. ते हळूहळू वर आणा, गोल चपटा होत जाईल. अगदी डोळ्यांच्या रेषेत आणा, ताटाची नुसती आडवी रेघ उरेल. ताट तेच, पण दिसते निराळे. म्हणून तांब्याचे तोंड लांबट, चपट्या गोलाचे काढा. त्याला कोपरे येऊ देऊ नका. बूडही सरळ रेघेने कापू नका. त्यालाही थोडे खालचे वळण द्या.

चित्रकलेचे मर्म हेच आहे. ठाऊक असलेले काढू नका, दिसते ते काढा.

रेघ चुकली तर लगेच खोडरबर उचलू नका. चुकलेली रेघ राहू द्या. तिच्या शेजारी बरोबर रेघ काढा. चूक समोर असली म्हणजे बरोबर काय ते कळते. शेवटी बरोबर रेघ ठळक करा आणि बाकीच्या पुसा.

आधी रेघ आणि मग रंग, ही रीत फार जुनी आहे. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत ३४ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धाची चित्रे आहेत. ती पुरी व्हायची राहून गेली. कधी गेलात तर जरूर पाहा.

उजेड आणि सावली

नुसत्या कडेने काढलेला तांब्या पत्रा कापल्यासारखा सपाट दिसतो. त्याला पोट आणायचे तर सावली हवी. उजेड कुठून येतो ते पाहा. उजेडाची बाजू कोरी सोडा. दुसऱ्या बाजूला २बी पेन्सिलीने तिरप्या रेघा शेजारी शेजारी ओढा. रेघा विरळ तर सावली फिकी. रेघा दाट तर सावली गडद. आणखी गडद हवी, तर त्यांवरून उलट्या तिरप्या रेघा ओढून जाळे करा. जिथे पितळ चमकते, तिथे पेन्सिल लावूच नका. कागदाचा पांढरेपणा हीच चमक. बोटाने चोळून काळे करू नका, चित्र मळकट दिसते.

जवळचे मोठे, लांबचे लहान

बोरिवली स्टेशनच्या पुलावर उभे राहून रुळांकडे पाहा. रुळ लांब जाता जाता एकमेकांजवळ आलेले दिसतात. खरे तर त्यांतले अंतर सगळीकडे सारखेच. वर्सोव्यापासून अंधेरीवरून घाटकोपरला जाणारी मेट्रो २०१४ साली सुरू झाली. तिचे खांब एका ओळीत आहेत. जवळचा खांब उंच दिसतो, पुढचा त्याहून ठेंगणा, लांबचा बोटाएवढा. चित्रात हे असेच काढायचे. मग कागदावर रस्ता लांब जाताना दिसतो.

आता नकाशा

नकाशात मात्र जवळचे-लांबचे चालत नाही. नकाशा म्हणजे घारीच्या डोळ्याने पाहिलेले घर. छप्पर काढून टाकले आणि सरळ वरून पाहिले, तर जे दिसेल ते.

गणिताची चौकड्यांची वही घ्या. एक चौकडी म्हणजे एक फूट धरा. आज झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत राहायचे घर ३०० चौरस फुटांचे ठरलेले आहे. तर १५ चौकड्या रुंद आणि २० चौकड्या लांब असा चौकोन काढा. आतल्या चौकड्या मोजा. भरतील ३००. हेच ३०० चौरस फूट. त्यात मोरी, ओटा, खाट, कपाट आपापल्या मापाने मांडून पाहा. कपाट खोलीत मावेल, पण दारातून आत जाईल का, हेही पट्टीने कळेल.

आता नीट लक्ष द्या. हा चौकोन भिंतीच्या आतून मोजला, की बाहेरून? भिंत अर्धा फूट जाड धरा. बाहेरून १५ आणि २० असतील, तर आत उरतात १४ आणि १९. त्यांचा गुणाकार २६६. म्हणजे ३४ चौरस फूट भिंतींनी खाल्ले! रेघ आत की बाहेर, एवढ्यावर एक मोरी आणि ओटा गेला. आतल्या, चटई अंथरता येईल अशा जागेला 'चटई क्षेत्र' म्हणतात. वर सांगितलेले ३०० फूट चटई क्षेत्राचे आहेत. घरे बांधून विकणाऱ्याने चटई क्षेत्र सांगितले पाहिजे, असे २०१६ च्या रेरा कायद्यातही आहे.

नकाशातल्या खुणा थोड्याच असतात. जाड किंवा दुहेरी रेघ म्हणजे भिंत. भिंतीत खंड पडून गोलाचा पाव भाग काढलेला असेल, तर ते दार. ते वळण दार कोणीकडे उघडते ते सांगते. भिंतीत बारीक रेघा म्हणजे खिडकी. तुटक रेघ म्हणजे डोक्यावरची किंवा झाकलेली वस्तू, जसे माळा किंवा तुळई. बाण उत्तर दिशा दाखवतो. खाली '१:१००' असे लिहिले असेल, तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरचा एक मीटर. मीटर म्हणजे सुमारे सव्वातीन फूट. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे पावणेअकरा चौरस फूट.

म्हणून कोणी नकाशा पुढे केला, की घाई करू नका. विचारा, "हे माप आतलं की बाहेरचं? खिडकी कुठे? दार कोणीकडे उघडतं?" उत्तर मिळेपर्यंत पेन खिशात असू द्या. विचारण्यात लाज कसली?

या आठवड्यात एवढे करा

१. रोज आडव्या, उभ्या, तिरप्या आणि गोल अशा दहा-दहा रेघा ओढा.

२. तांब्या, सूप आणि विळा काढा. तांब्याला सावली द्या.

३. आपल्या राहत्या खोलीची मापे घ्या आणि चौकड्यांच्या वहीत तिचा नकाशा काढा. दार, खिडकी आणि मोरी दाखवा.

४. तो नकाशा घरच्या मंडळींना दाखवा. काही न सांगता त्यांना आपली खोली ओळखता आली, की समजा, तुमची रेघ बोलू लागली.