दोन एकरांचे घर वर कसे येते

हर्सूलचा तलाव पुष्कळांनी पाहिला असेल. जटवाड्याच्या डोंगरांतून खाम नदी येते. तिचे पाणी या तलावात अडते. पाऊस चांगला झाला की तलाव भरतो, आणि खालच्या माणसाला हायसे वाटते. पण डोंगराच्या अंगाला ज्यांची कोरडवाहू वावरे आहेत, त्यांच्या मनात वेगळाच विचार येतो. आपल्या वावरावर पडलेला पाऊस आपल्याच डोळ्यांदेखत खाली निघून गेला. आता पुढचे आठ महिने काय करायचे?

हा प्रश्न एकट्या हर्सूलचा नाही. फुलंब्रीचा आहे, पैठणचा आहे, जालन्याचा आहे. दोन एकर जमीन असूनही घर गरीबच का राहते, ते आधी समजून घेऊ.

थोडा हिशोब करू. आपल्या भागात सरासरीने वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. हे सगळे पाणी जागच्या जागी उभे राहिले असते तर माणसाच्या मांडीला लागले असते. एका एकरावर ते होते जवळजवळ २८ लाख लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरा. म्हणजे एकरी २८० टँकर! देवाने फुकट पाठवलेले. उन्हाळ्यात एका टँकरसाठी आपण घागरी घेऊन रांगेत उभे राहतो, आणि पावसाळ्यात शेकडो टँकर नाल्याला लावून देतो. सगळे पाणी धरता येत नाही, हे खरे. काही ऊन पिते, काही पीक पिते. पण जे वाहून जाते ते एकटे जात नाही. वावरातली वरची चांगली माती सोबत नेते. ही माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, आणि जायला एक वळवाचा पाऊस पुरतो.

माती गेली की पीक उणे येते. पीक उणे आले की सावकाराकडे किंवा दुकानदाराकडे जावे लागते. मग मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला निघायचे. पोरांची शाळा सुटते. पाच-सहा महिन्यांनी परत यावे तर बांध फुटलेले, आणि उचल अजून फिटलेली नसते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. गरिबी म्हणजे नुसता पैसा नसणे नव्हे. हे गाडीचे चाक एकदा चिखलात रुतले की बैल जितका ओढतो तितके ते खोल जाते.

अशा घराला मदत कशी करावी? १९७२ च्या दुष्काळात हजारो माणसे खडी फोडायला गेली. त्या कामाने लोक जगले. पुढे १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे वचन राज्याने कायद्यात लिहिले. त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. भुकेल्याला आधी भाकरीच द्यावी लागते. पण काम संपले, मजुरी खर्च झाली, की घर पूर्वीच्या जागी परत येते. जमीन तीच, हातातली विद्या तीच.

म्हणून आम्ही तुम्हाला जालना जिल्ह्यातल्या कडवंची गावाची हकिकत सांगतो. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था आणि तिचे खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र यांनी तेथे काम केले. विजयअण्णा बोराडे हे त्यामागचे जाणते माणूस. १९९६ साली कामाला सुरुवात झाली. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून पैसा आला. पण या कार्यक्रमाची एक रीत होती. ती आम्हाला फार मोलाची वाटते. मोठा पैसा आधी द्यायचा नाही. आधी गावाने थोड्या शिवारावर काम करून दाखवायचे, श्रमदान करायचे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. हात शिकले, गाव एकत्र बसू लागले, की पुढचे काम.

चराईबंदी म्हणणे सोपे, पाळणे अवघड. ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत त्याने त्या कुठे न्याव्या? गावात भांडणे होतात ती इथेच. गवत कापून आणायचे आणि जनावर गोठ्यात बांधून खाऊ घालायचे, हा तोडगा आहे. पण त्यात बाईचे काम वाढते. हे लक्षात ठेवायला हवे.

आता काम काय असते ते पाहा. त्याला म्हणतात ‘माथा ते पायथा’. घर सारवताना आपण आतून दाराकडे येतो, तसे पाण्याचे काम वरून खाली करीत यावे. डोंगराच्या माथ्यावर समपातळीचे चर खणायचे. समपातळी म्हणजे चराचे एक टोक दुसऱ्यापेक्षा उंच नाही की खाली नाही. तसे असले म्हणजे पाणी चरात पळत नाही, उभे राहून मुरते. ही पातळी डोळ्यांनी कळत नाही. डोळा हमखास फसतो. त्यासाठी एक पारदर्शक नळी घ्या. तिच्यात पाणी भरा आणि तिची दोन टोके सारख्या खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधा. दोन माणसांनी दोन ठिकाणी काठ्या उभ्या धरायच्या. दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर आले की त्या दोन जागा एका पातळीत आहेत असे समजावे. अंगठा उठवणारा माणूसही हे अर्ध्या दिवसात शिकतो. आम्ही ‘शिक्षण’ म्हणतो ते हे.

माथ्याच्या खाली वावरांत बांध घालायचे. जास्तीचे पाणी जायला दगडांची सांडी ठेवायची, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटतो. सर्वांत शेवटी नाल्यावर बांध. पुष्कळ गावे उलटे करतात. आधी खाली नाल्यावर मोठा बांध घालतात, कारण तो दिसतो आणि त्याचे उद्घाटन करता येते. मग वरची माती वाहून येते आणि दोन-तीन वर्षांत बांध गाळाने भरतो.

कडवंचीत विहिरींना पाणी वाढले. पण पाणी वाढले म्हणजे घर वर आले असे नाही. पाण्यावर काय पिकवायचे, कसे पिकवायचे, ही पुढची विद्या. गावाने द्राक्षे धरली. द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या लागतात, एक एप्रिलच्या सुमारास आणि एक ऑक्टोबरच्या सुमारास. कोणता डोळा ठेवायचा, कोणता कापायचा, हे चुकले तर वर्ष फुकट जाते. रोग कधी येतो, औषध किती घालायचे, ठिबकची नळी कशी साफ ठेवायची, सारे शिकावे लागते. खरपुडीचे केंद्र शेतकऱ्यांना हे शिकवीत राहिले. गावात पाचशेच्या आसपास शेततळी झाली. २०१२ साली जालना जिल्ह्यात पाऊस फार कमी झाला. शेजारच्या गावांत मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी त्या तोडून सरपण केले. कडवंचीच्या बागा तगल्या.

मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. ते पावसाने भरले तर उत्तम. पण पुष्कळ ठिकाणी माणसे विहिरीतले पाणी उपसून, प्लास्टिकचा कागद घातलेल्या तळ्यात साठवतात. विहिरीचे पाणी जमिनीखालचे, म्हणजे शेजाऱ्याचेही. उघड्या तळ्यातून उन्हाने ते उडते ते वेगळेच. ज्याची मोटार मोठी त्याचे तळे भरते, आणि दोन एकरवाल्याची विहीर आटते. अशाने एक घर वर येते आणि दुसरे खाली जाते.

आपल्यासारखेच कोरडवाहू लोक दूरच्या आफ्रिकेतही आहेत. त्यांचे-आपले नाते जुने आहे. आपण रोज थापतो ती ज्वारी आणि बाजरी मुळात आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी ही धान्ये तिकडून इकडे आली. पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे. तेथे याकूबा सावाडोगो नावाचा एक शेतकरी होता. १९८० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, माणसे गाव सोडून चालली. हा राहिला. त्याने आपल्या लोकांची जुनी रीत सुधारली. कडक झालेल्या जमिनीत उन्हाळ्यातच हातभर अंतराने खड्डे खणायचे, त्यांत शेणखत घालायचे, आणि पहिल्या पावसाला तिथेच धान्य पेरायचे. खताने वाळवी येते, ती जमीन पोखरते आणि पाणी आत जाते. जिथे गवत उगवत नव्हते तिथे पीक आले, पुढे झाडे आली. आम्हाला विशेष वाटते ते पुढचेच. त्याने ही विद्या झाकून ठेवली नाही. तो आपल्या वावरात शेतकऱ्यांचा बाजार भरवी. लांबलांबचे लोक येत, बी बदलून घेत, खड्डे पाहून जात. २०१८ साली त्याला जगातला एक मोठा सन्मान मिळाला. २०२३ साली तो वारला.

ज्यांना अजिबात आधार नाही अशा घरांसाठी बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने २००२ पासून एक पद्धत चालवली. घराला एक गाय किंवा काही शेळ्या द्यायच्या. ती विकून खावी लागू नये म्हणून काही महिने थोडे धान्य किंवा पैसे द्यायचे. जनावर कसे सांभाळायचे ते शिकवायचे. बचत करायला लावायची. आणि दोन वर्षे कोणीतरी नेमाने घरी येऊन विचारपूस करायची. इथिओपिया, घाना, भारत, पाकिस्तान, होंडुरास आणि पेरू या सहा देशांत दहा हजारांहून अधिक घरांत ही पद्धत तपासून पाहिली गेली. २०१५ साली तिचा निष्कर्ष छापून आला. मदत थांबल्यावर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी ही घरे पूर्वीपेक्षा बरे खातपीत होती. होंडुरासमध्ये मात्र जमले नाही. तिथे कोंबड्या दिल्या होत्या, त्या रोगाने मेल्या.

आपल्याकडे धाराशिव आणि लातूर भागात बायकांनी निराळी वाट काढली. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था १९९३ च्या भूकंपानंतर तिथे काम करू लागली. तिने बायकांना सांगितले, घरच्या रानातला अर्धा-एक एकर तुकडा मागून घ्या. त्यात कापूस, ऊस नको. भाजी, डाळी, ज्वारी, बाजरी लावा. शेणखत, गांडूळखत घाला. आधी घरचे ताट भरा, उरले तर बाजारात न्या. कष्ट बाईचे आणि सातबारा पुरुषाच्या नावावर, अशी आपल्याकडची रीत. त्यामुळे तो तुकडा मागणे हेच मोठे धाडस होते. पुष्कळ घरांत आधी हसण्यावारी नेले गेले. नगदी पीक बुडाले त्या वर्षी याच तुकड्याने घर जगवले, तेव्हा हसणे थांबले. २०१७ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा पुरस्कार मिळाला.

आता जमीनच नाही, त्याने काय करावे? बागा वाढल्या तर त्याला मजुरी मिळते, इतकेच. त्याला आमच्या मते शेळी बरी. आपली उस्मानाबादी शेळी काटक आहे, कोरड्या मुलखात टिकते, आणि पुष्कळदा जुळी करडे देते. पण होंडुरासच्या कोंबड्या आठवा. पीपीआर म्हणून शेळ्यांना एक साथ येते. ताप येतो, नाकातोंडातून पाणी गळते, हगवण लागते, आणि अख्खा कळप बसतो. तिची लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडावर टोचून घ्यावी, कारण कोवळे गवत खाऊन तो रोग बळावतो. जंताचे औषधही वेळच्या वेळी पाजावे.

हे सारे शिकवायला कृषी विज्ञान केंद्रे आहेत. देशातले पहिले केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीत निघाले. आज बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात एक तरी आहे, आणि छत्रपती संभाजीनगरच्या शेतकऱ्याला त्यासाठी लांब जावे लागत नाही. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, वावरातली माती न्या. शेतात नागमोडी फिरत आठ-दहा जागा निवडा. झाडाखालची, बांधाजवळची, खताच्या ढिगाजवळची जागा टाळा. प्रत्येक जागी वीतभर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची माती खरवडून घ्या. सगळी एकत्र करा, सावलीत वाळवा. ढीग करून त्याचे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करा. मग ती कापडी पिशवीत भरा आणि आपले नाव, गाव, गट नंबर व मागचे पीक एका चिठ्ठीवर लिहून आत टाका. चिठ्ठी आता तुम्ही स्वतःच्या हाताने लिहू शकता.