मंगळावरचे यान वेस्ट विंडसरमध्ये उतरले ती रात्र

ग्रोव्हर्स मिल ही न्यू जर्सीच्या वेस्ट विंडसरमधली जुनी वस्ती. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ८ वाजता सीबीएस रेडिओवरून सादर झालेल्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ या नाटकात मंगळवासीयांचे पहिले यान इथेच कोसळते. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स तेव्हा फक्त २३ वर्षांचे होते. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या कादंबरीत ही घटना लंडनजवळच्या वोकिंग परिसरात घडते. लेखक हॉवर्ड कॉख यांनी ती अमेरिकेत आणली. नकाशावर डोळे मिटून पेन्सिल टेकवली आणि ग्रोव्हर्स मिल सापडले, असे त्यांनीच सांगितले आहे.

नाटकाची खरी करामत मांडणीत आहे. नृत्यसंगीत चालू असते, मध्येच मंगळावरील स्फोटांची बातमी येते, पुन्हा संगीत. मग विल्मथ यांच्या शेतात पडलेल्या धातूच्या दंडगोलाचे झाकण फिरत उघडते, उष्णकिरण सुटतात आणि वार्ताहराचा आवाज अर्ध्या वाक्यातच तुटतो. सात हजार सैनिकांपैकी जेमतेम १२० वाचतात. मंगळवासी न्यूयॉर्कपर्यंत पोचतात, पण पृथ्वीवरचे क्षुद्र जिवाणूच शेवटी त्यांना संपवतात.

काही श्रोत्यांनी हे सारे खरे मानले. मात्र देशभर हलकल्लोळ माजल्याची कथा वर्तमानपत्रांनी बरीच फुगवली, असे अभ्यासक आता मानतात. प्रसारणाच्या पन्नाशीनिमित्त १९८८ मध्ये इथल्या व्हॅन नेस्ट पार्कमध्ये स्मारक उभारले गेले. न घडलेल्या घटनेला असा मान क्वचितच मिळतो.