पाहुण्यांना सावलीही दाखवू या

शनिवार-रविवारी पाहुणे आले की आपण त्यांना लक्ष्मीविलास राजवाडा आणि कीर्तिमंदिर दाखवतो, संध्याकाळी सेव-उसळ खायला नेतो. छानच! पण रविवारची सकाळ सावलीसाठी ठेवा. बडोद्याहून उत्तरेला साधारण ३० किलोमीटर. १७३२ मध्ये डाकोरला बोलणी करण्याच्या मिषाने पिलाजीराव गायकवाडांचा घात झाला; त्यांचे अंत्यसंस्कार घाईघाईने सावलीत उरकावे लागले. इथल्या तलावाकाठी त्यांचे आणि पुत्र दमाजीरावांचे अशी दोन स्मृतिमंदिरे आहेत. राजवाड्यापुढे ती साधीच वाटतील. पण ‘आपण मराठी माणसं गुजरातेत कशी आलो?’ असं आपली मुलंच विचारतात, तेव्हा सांगायला सुरुवात इथूनच करावी लागते. म्हणून पाहुण्यांबरोबर त्यांनाही न्या. ऊन चढण्याआधी निघा. वेळ उरला तर पुढे डाकोरला रणछोडरायाचं दर्शन, आणि गरम गोटे!