उजव्या खुर्चीतील उमेदवारी

विमानानें प्रवास करणाऱ्या गृहस्थाला मुख्य वैमानिकाचें नांव प्रवासाच्या आरंभींच ऐकावयास मिळतें. त्याच्या उजव्या हातास बसलेल्या सहवैमानिकाविषयीं मात्र तो सहसा चौकशी करीत नाहीं. हा कोणी मदतनीस असावा, सांगितलेलीं बटणें दाबीत असावा, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः सहवैमानिक हा पूर्ण परवानाधारक वैमानिक असतो. एका खेपेस मुख्य वैमानिक विमान चालवितो व दुसरा देखरेख करतो. पुढच्या खेपेस कामांची अदलाबदल होते. त्यामुळें मुंबईहून निघून दिल्लीस अलगद उतरलेलें विमान सहवैमानिकानेंच उतरविलेलें असणें अगदीं शक्य असतें. अंतिम अधिकार व अंतिम जबाबदारी तेवढी डाव्या खुर्चीची.

वकिलीची सनद हातीं आली म्हणजे वकिली आली असें होत नाहीं. कोणा ज्येष्ठाच्या हाताखालीं कांहीं वर्षें काढावीं लागतात. विमानविद्येचेंही तसेंच आहे. भारतांत व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठीं किमान २०० तासांचें उड्डाण आवश्यक असतें. त्याखेरीज कसून वैद्यकीय तपासणी होते, आणि हवामानशास्त्र, दिशाशोधन, विमानवाहतुकीचे नियम वगैरे विषयांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात. या २०० तासांपैकीं बहुतेक तास लहानशा विमानांत जातात, आणि त्यांतील निदान निम्मे उमेदवारानें स्वतःच्या जबाबदारीवर काढावयाचे असतात. म्हणजे शाळा शिकविते तें एकट्यानें उडणें. विमान कंपनीला हवा असतो तो दुसऱ्याच्या जोडीनें, दीडदोनशें उतारू घेऊन, ढगांतून व रात्रींबेरात्रीं उडणारा माणूस. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठींच उमेदवारी असते.

तिचा पहिला टप्पा जमिनीवरच पार पडतो. सिम्युलेटर म्हणजे हुबेहूब विमानाच्या चालककक्षासारखी खोली. ती यांत्रिक पायांवर उभी असते, हेलकावे खाते आणि समोरच्या कांचेंत धावपट्टी दाखविते. विमान जमीन सोडीत असतांनाच एक इंजिन बंद पडणें, कक्षांत धूर होणें, उतरण्याच्या क्षणीं आडवा वारा सुटणें, असे प्रसंग येथें पुन्हां पुन्हां आणले जातात. खऱ्या विमानांत ते मुद्दाम आणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. कोणतें वाक्य कोणीं केव्हां उच्चारावयाचें व दुसऱ्यानें त्यास काय उत्तर द्यावयाचें, हेंही येथें ठरलेलें असतें. संध्येच्या मंत्रांसारखा त्याचा क्रम चुकून चालत नाहीं. पुढें रिकामें विमान घेऊन उतरण्या-चढण्याचा सराव होतो. मग उतारूंसह खरीं उड्डाणें, परंतु शेजारीं शिक्षकाचा अधिकार असलेला मुख्य वैमानिक, आणि आरंभींच्या खेपांस पाठीमागें बसलेला आणखी एक अनुभवी वैमानिक. अखेरच्या परीक्षेंत उतरला म्हणजे उमेदवार सहवैमानिक झाला. तरीही ठराविक मुदतीनें त्याला सिम्युलेटरमध्यें पुन्हां कसोटीस उतरावें लागतें, आणि केस पिकले तरी यांतून सुटका नसते.

या साऱ्या शिक्षणांतील सर्वांत अवघड धडा हाताचा नसून जिभेचा आहे. २८ डिसेंबर १९७८ रोजीं अमेरिकेंत पोर्टलंड शहराजवळ एक प्रवासी विमान उतरण्याच्या बेतांत होतें. चाकांविषयीं शंका आली म्हणून मुख्य वैमानिक सुमारें तासभर घिरट्या घालीत त्या अडचणींत गुंतून राहिला. इंधन संपत चालल्याचें सहवैमानिक व फ्लाइट इंजिनिअर या दोघांस दिसत होतें. परंतु त्यांनीं तें पुरेशा ठामपणें सांगितलें नाहीं. इंधन संपलें, विमान वस्तींत कोसळलें, आणि दहा माणसें मेलीं. १९७९ सालीं नासा या संस्थेनें भरविलेल्या परिषदेंत अशा अपघातांचा विचार झाला, व विमानांतील माणसांनीं परस्परांशीं कसें वागावें हा शिक्षणाचा स्वतंत्र विषय ठरला. आपल्याकडे वडीलधाऱ्यांस उलट बोलूं नये असा घरोघर संस्कार असतो. तो सोडावयास कोणी सांगत नाहीं. पण ‘साहेब, आपली उंची कमी होत आहे,’ हें वाक्य वेळेवर, स्पष्ट, आणि न ऐकल्यास दुसऱ्यांदां अधिक मोठ्यानें उच्चारावयास उजव्या खुर्चीतील माणसाला शिकावेंच लागतें. डाव्या खुर्चीतल्यालाही तें ऐकून घेण्यास शिकविलें जातें.

उमेदवारास किती तास उडवावें याविषयीं मात्र जगांत एकमत नाहीं. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेनें २००६ सालीं एक निराळा परवाना मान्य केला. त्यांत विमान व सिम्युलेटर मिळून किमान २४० तास असतात, परंतु उमेदवार बराच काळ जोडीनेंच शिकतो. अमेरिकेनें नेमकी उलट वाट धरली. फेब्रुवारी २००९ मध्यें बफेलोजवळ झालेल्या अपघातांत ५० माणसें दगावल्यावर तेथें कायदा झाला, आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही कांहीं अपवाद सोडल्यास १,५०० तासांची अट लागू झाली. त्या विमानांतील दोन्ही वैमानिकांचे तास मात्र १,५०० हून अधिक होते! तासांची संख्या मोजणें सोपें असतें, म्हणून कायदा तीच मोजतो. ते तास कोणाच्या शेजारीं व कशांत गेले हें मोजणें कठीण.

राहतां राहिला पैशाचा प्रश्न, आणि उमेदवारीच्या कल्पनेचा खरा कस येथेंच लागतो. उमेदवारी म्हणजे धनी शिकवितो व शिकणारा काम करतो, असा जुना व्यवहार. ब्रिटनमध्यें विमान कंपन्यांनीं मिळून सहवैमानिकाच्या उमेदवारीचा आराखडा तयार केला. इंग्लंडच्या नियमांप्रमाणें उमेदवाराकडून शिक्षणाची फी घेतां येत नाहीं. पण तेथील उमेदवारीच्या निधींतून मिळणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा २७,००० पौंड, तर वैमानिकाच्या शिक्षणाचा खर्च एक लाख पौंडांच्या घरांत. उरलेली रक्कम कंपनीनें सोसल्याखेरीज ती उमेदवारी कागदावरच राहते. तेथील एका मोठ्या कंपनीनें २०२३ सालीं निवडक उमेदवारांचा सर्व खर्च उचलण्याचें जाहीर केलें, तेव्हां श्रीमंतांच्या मुलांपलीकडे हा दरवाजा थोडा उघडला.

भारतांत शिकण्याच्या सोयी वाढल्या आहेत. गोंदियासारख्या ठिकाणींही वैमानिक तयार होतात. कंपन्या उमेदवार निवडून शाळेंत धाडतात, पण फीचा मोठा भार बहुधा घरच्यांवर पडतो. कोणी जमीन विकतो, कोणी राहतें घर गहाण टाकतो. परवाना हातीं येऊन खुर्ची न मिळालेल्या मुलाला तो परवाना चालू ठेवण्यासाठीं पुन्हां स्वतःच्याच खर्चानें उडावें लागतें, आणि गहाणाचें व्याज त्याच्या खुर्चीसाठीं थांबून राहत नाहीं.