रँकिंग ४००: या टेनिसपटूचं पोट कशावर चालतं?

हा गेल्या भागाचा लेखी मजकूर. माझे 'अं... म्हणजे' आणि मागे आरवणारा शेजाऱ्यांचा कोंबडा काढून टाकलाय. दिवेआगरात रेकॉर्डिंग करायचं म्हणजे कोंबडा येणारच, त्याला इलाज नाही. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. त्याचा धाकटा भाऊ पुण्यात टेनिस खेळतो, बारावीत आहे आणि प्रो व्हायचं म्हणतोय. बाबा त्यासाठी गावाकडचा प्लॉट विकायला तयार झालेत. "दादा, यात पैसे आहेत का, ते खरंखरं सांग," एवढाच प्रश्न. प्लॉट म्हटल्यावर मी सरळ एक्सेल उघडलं.

आधी उतरंड समजून घ्या. आपण टीव्हीवर बघतो ती विम्बल्डन वगैरे सगळ्यात वर. त्याखाली एटीपी टूर, म्हणजे पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ टाटा ओपन व्हायची तो दर्जा. त्याखाली चॅलेंजर. आणि अगदी तळाला आयटीएफच्या स्पर्धा, ज्यांना एम १५, एम २५ म्हणतात. बायकांच्या तशाच डब्ल्यू १५ पासून सुरू होतात. एम १५ मधले १५ म्हणजे १५ हजार डॉलर. ही एका खेळाडूची कमाई नाही हं! अख्ख्या स्पर्धेची बक्षिसाची रक्कम, सिंगल्स-डबल्स मिळून. एम १५ जिंकणाऱ्याला दोन हजार डॉलरच्या थोडं वर मिळतात. पहिल्याच फेरीत हरलात तर दीडशे डॉलरच्या आसपास. डॉलर ८८ रुपयांना धरला तर १३ हजार आणि काही. त्यातूनही बऱ्याच देशांत कर कापूनच हातात देतात.

पॉइंट्सचंही तसंच. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला २०००. एम १५ जिंकणाऱ्याला १५. पहिली फेरी जिंकून दुसरीत हरलात तर १. पहिल्या फेरीत हरलात तर भोपळा.

आता माझं एक्सेल. यातले खर्चाचे आकडे माझे अंदाज आहेत, कुठल्या अहवालातले नाहीत. वर्षात २५ आठवडे परदेशात खेळायचं. हॉटेल, जेवण, इकडेतिकडे फिरणं मिळून आठवड्याला ४० हजार, म्हणजे १० लाख. विमानाची तिकिटं ५ लाख. रॅकेटची तार, बूट, फिजिओ आणि घरच्या कोचची फी असे आणखी ५ लाख. झाले २० लाख, आणि यात सोबत प्रवास करणारा कोच नाहीच. तो घेतला तर त्याचं तिकीट, त्याची खोली, त्याचा पगार. आता कमाई. दर आठवड्याला एखाद-दुसरी फेरी जिंकून सरासरी ३०० डॉलर मिळाले असं धरू. २५ आठवड्यांचे साडेसात हजार डॉलर, म्हणजे साडेसहा लाखांच्या आसपास. खड्डा साडेतेरा लाखांचा. दरवर्षी. आणि लक्षात घ्या, दर आठवड्याला मॅच जिंकणारा हा पोरगा वाईट खेळाडू नाहीये. तुमच्या-माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला तो ६–०, ६–० हरवेल.

मला वाटलं माझंच गणित चुकत असेल. पण टेनिसमधल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीनं २०१८ मध्ये हेच म्हटलं होतं. जगात साधारण १५ हजार खेळाडू प्रो म्हणवतात, त्यातल्या २५० ते ३५० जणांचाच खर्च जेमतेम निघतो, तोही कोचचा खर्च सोडून. ही आकडेवारी भ्रष्टाचाराच्या अहवालात का, असं विचाराल. कारण सरळ आहे. एम १५ च्या मॅचला प्रेक्षक असतात पाच-दहा, पण अंपायर टॅबवर टाकतो तो प्रत्येक पॉइंट थेट डेटा म्हणून विकला गेला आणि त्यावर जगभर बेटिंग सुरू झालं. ज्याला हरल्यावर १३ हजार मिळणारेत त्याला कोणी एक सेट सोडायचे दोन लाख देऊ केले तर? मी दिवसभर एपीआय लिहिणारा माणूस, डेटा फीड काढणं किती सोपं असतं ते मला ठाऊक आहे. खेळाडूचं पोट भरायच्या आधी त्याच्या मॅचचा डेटा विकायला काढणारे लोक मला अजिबात आवडलेले नाहीत.

बरं, मग लोक टिकतात कसे?

एक, स्वस्तात खेळून. ट्युनिशियातलं मोनास्तिर, तुर्कस्तानातलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल शेख अशा ठिकाणी एकाच जागी आठवड्यामागून आठवडा स्पर्धा चालतात. विमानभाडं एकदाच. मंगळवारी हरला तरी पोरगा तिथेच थांबतो, सराव करतो, पुढच्या आठवड्याची वाट बघतो. दोन, युरोपातल्या क्लब लीग. जर्मनीत गावोगावचे क्लब परदेशी खेळाडूंना मॅचचे पैसे देतात. अनेकांचं वर्ष त्यावर निघतं. तीन, अमेरिकेतलं कॉलेज. हा रस्ता मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. चांगल्या खेळाडूला स्कॉलरशिप मिळते, कोच, कोर्ट, जिम सगळं कॉलेजचं, आणि वर डिग्री. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला खेळला. आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमला. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं सोनं घेतलं तीच ऋतुजा.

अर्जुनबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण मला हे करिअर नीट समजलं ते त्याच्यामुळे. जन्म १९९४ चा. बालेवाडीच्या टाटा ओपनमध्ये वाइल्ड कार्डवर सिंगल्स खेळला, पण सिंगल्समध्ये वरचं दार काही उघडलं नाही. मग जोर डबल्सवर. डबल्समध्ये बक्षीस दोघांत वाटलं जातं, टीव्हीवर कोणी दाखवत नाही, पण शरीर जास्त वर्षं साथ देतं. बोपण्णा २०२४ मध्ये ४३ व्या वर्षी डबल्समध्ये जगात एक नंबर झाला, बघा. अर्जुनला पहिलं एटीपी टूर विजेतेपद मिळालं ऑक्टोबर २०२४ मध्ये, कझाकस्तानातल्या अल्माटीला, ऋत्विक बोल्लीपल्लीबरोबर. पहिला सेट ३–६ गेला, दुसरा टायब्रेकवर काढला आणि शेवटचा मॅच टायब्रेक १४–१२. वय ३०. तिशीत पहिली मोठी ट्रॉफी. आयटीत या वयात लोक मॅनेजर होऊन कंटाळलेले असतात!

दुसरी गोष्ट सुमित नागलची. पोरगा हरयाणाचा. २०१९ च्या यूएस ओपनमध्ये त्यानं फेडररकडून पहिला सेट घेतला होता, आठवतंय? पुढे २०२१ मध्ये कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली आणि रँकिंग पाचशेच्याही खाली घसरलं. २०२३ मध्ये त्यानं मुलाखतीत सांगितलं की बँकेत फक्त ९०० युरो आहेत. तेव्हाचे साधारण ८० हजार रुपये, आणि हा भारताचा एक नंबरचा सिंगल्स खेळाडू. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनला पात्रता फेरीतून येऊन त्यानं सीडेड बुब्लिकला हरवलं, तर एका स्पर्धेचे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, जवळजवळ ९८ लाख.

हे रँकिंग घसरणं आम्हा दिवेआगरकरांना लगेच कळतं. पोफळीची वाडी लावली की सुपारी हाताला लागायला सहा-सात वर्षं जातात, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळात एका दुपारी वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. टेनिसचे पॉइंट तर वादळाशिवायही ५२ आठवड्यांनी गळून पडतात. सहा महिन्यांहून मोठी दुखापत असेल तर जुनं रँकिंग काही स्पर्धांत प्रवेशासाठी वापरता येतं, पण त्यानं घरभाडं भरत नाही. एटीपीनं २०२४ पासून किमान कमाईची हमी सुरू केली. २०२४ चे आकडे असे: पहिल्या शंभरात असाल तर ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ ला दीड लाख, १७६ ते २५० ला ७५ हजार. कमी पडलेले पैसे एटीपी भरते. चांगली गोष्ट आहे. फक्त आपला ४०० नंबरवाला त्यात बसत नाही.

कधीकधी अजबही घडतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बालेवाडीचं चॅलेंजर मोनाकोच्या वॅलेंतां वाशेरोनं जिंकलं, तेव्हा नाव कोणाला माहीत नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच माणूस २०४ रँकिंगवर असताना शांघाय मास्टर्स जिंकून बसला. दहा लाख डॉलरच्या वर बक्षीस. पण यावर प्लॉट विकू नका राव.

तर मेसेज करणाऱ्या मित्रा, माझं मत असं. आत्ता प्लॉट विकायचा नाही. भावानं या वर्षी भारतात होणाऱ्या एम १५ खेळाव्यात, इथे भाडं रेल्वेचं लागतं. सोबत अमेरिकेतल्या कॉलेज कोचना मॅचचे व्हिडिओ पाठवायला लागावं. ते काम मोबाइलवर होतं, फुकट होतं. बाबांना हा भाग ऐकव, आणि एक्सेल हवं असेल तर मेसेज कर, पाठवतो. आकडे तुमचे भरा.

आणि बाकीच्यांनी एटीपीच्या साइटवर चॅलेंजर टीव्ही बघा. फुकट आहे. एकच कॅमेरा, कॉमेंट्री बहुतेक नाहीच, बॉलचा आवाज तेवढा स्वच्छ येतो.