सुकाणूचा कंप : लक्षण आणि निदान

मोर्णेच्या पश्चिम काठावरील जुन्या शहरात, अकोल्याच्या एका गॅरेजात, नव्या ब्रेक-डिस्का व स्पेसर बसविलेल्या मोटारीचे सुकाणू थरथरते अशी तक्रार आली असता कारागिराने पान्यास हात लावण्यापूर्वी विचारले : "थरथर कवा येते? ब्रेक दाबल्यावर, का नुसती पयताना?" भाषाशास्त्रात ज्यास आपण व्यवच्छेदक लक्षण म्हणतो, त्याचाच हा शोध होय.

कंप केवळ ब्रेक दाबताना येत असेल, तर दोष बहुधा पुढील डिस्कच्या डोलण्यात असतो. पुष्कळदा डिस्क निर्दोष असते. हबवर राहिलेल्या गंजामुळे ती किंचित तिरपी बसते. ब्रेक न दाबता, ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या सुमारास कंप येत असेल, तर संशय चाकावर व स्पेसरवर जातो. स्पेसरचे मध्यछिद्र हबवर घट्ट न बसल्यास चाक केंद्रापासून ढळते. सुट्या चाकाचा तोल यंत्रावर तपासला तरी हा दोष तेथे दिसत नाही.

सर्वांआधी नट तपासावेत. स्पेसरच्या जाडीमुळे नटास आटे अपुरे मिळाले, तर चाक निखळण्याचा धोका असतो. त्यानंतर केवळ स्पेसर काढून, मूळचे बोल्ट लावून, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवावी. 'काळ' आणि 'काल' या जोडीत एकच ध्वनी बदलून आपण अर्थभेदाचे कारण ठरवितो. येथेही एका वेळी एकच घटक बदलावा. दोन एकदम बदलल्यास कंप थांबेल, परंतु कारण अज्ञातच राहील.