कागद आहे, तरी मशीन थांबते!

रमजानची वेळापत्रके आणि लग्नपत्रिका यांची कामे एकदम येतात आणि नेमके तेव्हाच ऑफसेट मशीन दर दहा-वीस कागदांनी थांबू लागते. छापखाना चालविणाऱ्या बांधवांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी काही मशीनमन सेन्सरची वायर काढून काम रेटतात. ही सवय महागात पडते, असे आम्ही स्पष्ट सांगू. दुहेरी कागद आत गेल्यास ब्लँकेट दबते आणि नफा तेथेच जातो.

आधी दोष कोठे आहे ते ठरवावे. मशीन थांबवून कागदाचा तुकडा सेन्सरसमोर धरावा. सेन्सरचा दिवा बदलला, तर सेन्सर ठीक आहे. कागदच उशिरा किंवा तिरका येत आहे. मग सक्शन, फीडरची हवा व पट्ट्यांचा ताण पाहावा. पावसाळ्यात दमट हवेने कागदाच्या कडा लाटेसारख्या होतात. म्हणून रिमचे वेष्टन छपाईच्या वेळीच सोडावे.

दिवा बदललाच नाही, तर मेन स्विच बंद करून सेन्सरची काच मऊ, कोरड्या कापडाने पुसावी. स्प्रे पावडर व कागदाची धूळ तेथे साचते. नंतर प्लग व वायर तपासावी. गडद रंगाचा कागद प्रकाश कमी परतवितो. त्यासाठी सेन्सर पुन्हा जुळवावा लागतो. कागदाची जाडी बदलली की दुहेरी कागद पकडणारे साधनही नव्याने लावावे.

गिऱ्हाइकाला दिलेली तारीख हा वायदा आहे. तो पाळण्यासाठी रोज सकाळी पाच मिनिटे सफाईला द्यावीत, अशी आमची विनंती आहे.